वाचा-भाषा तज्ज्ञांसाठी न्यूरोडायव्हर्सिटीचे प्रशिक्षण कसे आखावे: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वाचा-भाषा उपचार देणाऱ्या केंद्रांत आणि शाळांत न्यूरोडायव्हर्सिटीवरचे, म्हणजे माणसांच्या मेंदूंच्या कामाच्या पद्धतींतील नैसर्गिक वैविध्यावरचे, प्रशिक्षण आता पुष्कळ ठिकाणी घेतले जाते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा शेवटही सारखाच होतो. एका दिवसाची कार्यशाळा पार पडते, अहवालातला 'दोष' जाऊन तेथे 'वैविध्य' येते, भिंतीवर नवा फलक लागतो; आणि पुढच्या आठवड्यात फाइल उघडली की 'मूल पाच सेकंद नजरेला नजर देईल' हे उद्दिष्ट जसेच्या तसे तेथे असते. शिकणाऱ्यांची इच्छा कमी पडते म्हणून असे होत नाही. प्रशिक्षणाचा क्रम उलटा असतो म्हणून होते: आधी व्याख्यान, वेळ उरला तर थोडा सराव, आणि रोजच्या फायलींना तर कोणी हातच लावत नाही.

हा लेख प्रशिक्षण आखणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे केंद्रप्रमुख, ज्येष्ठ तज्ज्ञ किंवा शाळेतील विशेष शिक्षणाची जबाबदारी असलेली व्यक्ती. उदाहरणे मुख्यतः ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांची घेतली आहेत. मात्र एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता), तोतरेपणा आणि विकासात्मक भाषाविकार असलेल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. न्यूरोडायव्हर्सिटी स्वीकारणारे साहाय्य म्हणजे काय, याची कामापुरती व्याख्या अशी: मुलाला इतरांसारखे दिसायला लावणे हे ध्येय न ठेवता, त्याला जे म्हणायचे आहे ते म्हणता येणे आणि समोरच्यापर्यंत पोहोचणे हे ध्येय ठेवणे, आणि त्यासाठी बदलण्याची अर्धी जबाबदारी समोरच्या माणसावर टाकणे.

टप्पा १: आज काय चालले आहे ते आधी मोजा

वक्ता ठरवण्याआधी, तारीख ठरवण्याआधी हे काम करावे. गेल्या सहा महिन्यांत लिहिलेली वीस उद्दिष्टे फायलींतून काढा, मुलांची आणि तज्ज्ञांची नावे पुसा, आणि प्रत्येक उद्दिष्ट वेगळ्या कागदावर घ्या. कोणती उद्दिष्टे द्यायची हे ज्याचे त्याला ठरवू देऊ नका, कारण मग प्रत्येक जण आपले सर्वांत चांगले लिहिलेले उद्दिष्ट पुढे करील. चिठ्ठ्या टाकून निवडा. मग कागदांचे तीन गठ्ठे करा. पहिल्यात मुलाचा संवाद खरोखर वाढवणारी उद्दिष्टे जातील, दुसऱ्यात मूल इतरांसारखे दिसावे म्हणून लिहिलेली, आणि तिसऱ्यात मोठ्यांच्या सोयीची, म्हणजे 'वीस मिनिटे जागेवर बसेल' या जातीची. तिसरा गठ्ठा बहुधा अपेक्षेपेक्षा जाड निघतो.

त्याच्या जोडीला प्रत्येक तज्ज्ञाच्या एका सत्राचे दहा मिनिटांचे चित्रीकरण घ्या आणि त्यात पाच गोष्टी मोजा: तज्ज्ञाने विचारलेले प्रश्न, दिलेल्या आज्ञा, सहज केलेली विधाने, मुलाने आपणहून केलेले संवादाचे प्रयत्न, आणि त्यांपैकी किती प्रयत्नांना प्रतिसाद मिळाला. मुलाने तोंड फिरवणे, वस्तू ढकलणे, हात ओढून नेणे हेही प्रयत्नच धरायचे. यात कोणतेही यंत्र लागत नाही. कागदावर पाच रकाने पुरतात.

सावधान: चित्रीकरणासाठी पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलालाही त्याला समजेल अशा रीतीने विचारा. कॅमेरा पाहून मूल अस्वस्थ झाले, तर त्या दिवशी चित्रीकरण करू नये. चित्रफिती फोनवरच्या गटात फिरता कामा नयेत, आणि त्या कधी पुसल्या जाणार हे संमतिपत्रातच लिहावे. कोणाचे आकडे कसे आले, हे त्या व्यक्तीलाच सांगावे. सर्वांसमोर यादी लावली की पुढची चित्रफीत कोणीही प्रामाणिकपणे देणार नाही.

तपासणी: तीन गठ्ठे आणि पाच रकान्यांचे कागद हाती आल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. सहा महिन्यांनी तुलना करायला याच्याशिवाय दुसरे काही नसेल.

टप्पा २: शिकवणार कोण हे ठरवा

ऑटिस्टिक मुलांविषयीचे प्रशिक्षण फक्त बिगर-ऑटिस्टिक तज्ज्ञांनी घेणे ही या कामातली सर्वांत जुनी चूक आहे. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी वीस मिनिटे एका ऑटिस्टिक व्यक्तीला 'आपला प्रवास' सांगायला बोलावणे. तो उपायही तितकाच अपुरा आहे. अनुभव ऐकून श्रोते भारावतात, टाळ्या वाजतात, आणि अभ्यासक्रमातली एकही ओळ बदलत नाही. म्हणून ऑटिस्टिक प्रशिक्षकांना मसुदा तयार होत असतानाच सामील करून घ्या, त्यांनी काट मारलेले वगळले जाईल असे आधीच कबूल करा, आणि इतर प्रशिक्षकांइतकेच मानधन द्या. शक्य झाल्यास एकाहून अधिक व्यक्ती घ्या, आणि त्यांपैकी एक तरी बोलण्याऐवजी यंत्राने किंवा लिहून संवाद साधणारी असू द्या, कारण अस्खलित बोलणाऱ्या एका प्रौढाचा अनुभव म्हणजे सर्वांचा अनुभव नव्हे.

त्यांच्यासाठी करायच्या सोयी अगदी साध्या आहेत. प्रश्न आठवडाभर आधी लेखी पाठवावेत, उत्तर लिहून देण्याची मोकळीक असावी, खोलीतला फडफडणारा दिवा बदलावा, आणि वेळापत्रक ऐनवेळी फिरवू नये. तुमच्या चमूतही ऑटिस्टिक किंवा एडीएचडी असलेले सहकारी असू शकतात. त्यांनी ते सर्वांसमोर सांगावे असा आग्रह धरू नका.

एक गोष्ट ठामपणे वगळा. कानात बोळे घालून, डोळ्यांवर दिवे मारून 'ऑटिस्टिक असण्याचा अनुभव' देणारे खेळ घेऊ नयेत. त्यातून सहभागींच्या मनात दया आणि भीती वाढते. मुलाशी कसे बोलावे, हे मात्र कोणीच शिकत नाही.

टप्पा ३: पायाभूत समज, पण अर्ध्या दिवसात

सिद्धान्ताला अर्धा दिवस पुरतो, आणि मांडलेल्या प्रत्येक मुद्द्यातून खोलीतल्या वागण्यात निदान एक बदल सुचला पाहिजे. पुढील मुद्दे पुरेसे आहेत.

डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेली 'दुहेरी सहानुभूती'ची कल्पना सांगते, की ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक माणसांतला गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो. कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्यांमधून एक गोष्ट पुढे सांगत नेण्यात आली. सर्व ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत माहिती बिगर-ऑटिस्टिक साखळ्यांइतकीच टिकली, आणि मिश्र साखळ्यांत ती जास्त गळाली. खोलीतला बदल: सत्राच्या नोंदीत 'मुलाला समजले नाही' असे लिहिण्याआधी 'मला काय समजले नाही' याचा रकाना भरावा.

दुसरा मुद्दा प्रतिध्वनी-बोलीचा, म्हणजे ऐकलेली वाक्ये तशीच पुन्हा म्हणण्याचा. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डूशन यांनी १९८१ साली लगेच होणाऱ्या पुनरुक्तीची सात कार्ये दाखवली, आणि प्रिझंट व पॅट्रिक रायडेल यांनी १९८४ साली उशिरा होणाऱ्या पुनरुक्तीची चौदा. अशा बोलण्यात विनंती, नकार, होकार, स्वतःला शांत करणे, आठवण सांगणे असे काही ना काही असते. त्यामुळे ते 'निरर्थक' म्हणून थांबवण्याचे उद्दिष्ट यापुढे लिहायचे नाही. मात्र येथे एक भेद पाळावा. पुनरुक्तीला अर्थ असतो हे नीट दाखवून झालेले आहे. पण त्याच्या आधारे विकल्या जाणाऱ्या टप्पेवार उपचारपद्धतींच्या परिणामांचा पुरावा अजून तोकडा आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत या दोन गोष्टी बेमालूम मिसळलेल्या असतात.

तिसरा मुद्दा मुखवट्याचा. स्वतःच्या हालचाली दाबून, नजर जबरदस्तीने जुळवून दिवसभर इतरांसारखे वागण्याची किंमत थकवा आणि चिंता या रूपाने मोजावी लागते, असे ऑटिस्टिक प्रौढ सातत्याने सांगत आले आहेत. सत्रात शहाण्यासारखे बसलेले मूल घरी पोहोचताच कोसळत असेल, तर त्या सत्राला यशस्वी म्हणता येत नाही. म्हणून घरच्या संध्याकाळची नोंद सत्राच्या नोंदीला जोडावी.

चौथा मुद्दा हक्कांचा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील दुसऱ्या कलमाने संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी साधनांचाही समावेश केला आहे. संवादाचे यंत्र किंवा तक्ता ही कृपा नव्हे, हे चमूला सांगताना या कलमाचा आधार उपयोगी पडतो.

सावधान: 'स्वीकार' या नावाखाली काहीही स्वीकारू नका. साहाय्यकाने मुलाचा हात किंवा मनगट धरून अक्षरांकडे नेण्याच्या पद्धतीत नियंत्रित चाचण्यांमध्ये मजकूर साहाय्यकाचा असल्याचे दिसून आले आहे. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ साली या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली, आणि साहाय्यक अक्षरांचा फलक हातात धरून सतत सूचना देत राहतो त्या पद्धतीविरुद्धही. दुसऱ्याचे शब्द मुलाच्या नावावर खपवणे ही त्याच्या स्वातंत्र्याची सर्वांत मोठी हानी आहे.

टप्पा ४: उद्दिष्टे पुन्हा लिहा

संपूर्ण प्रशिक्षणातील सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. एक पूर्ण दिवसही कमी पडेल. टप्पा १ मधील वीस कागद टेबलावर पसरा आणि तीन-तीन जणांच्या गटांना वाटून द्या. प्रत्येक उद्दिष्टाला चार प्रश्न विचारायचे.

१. हे कोणाला हवे आहे: मुलाला, पालकांना, शाळेला की आपल्याला?
२. हे साध्य झाले तर मुलाला उद्या असे काय करता येईल, जे आज येत नाही?
३. हीच मागणी आपण त्याच वयाच्या इतर मुलाकडे केली असती का?
४. मुलाने 'नको' म्हटले तर पुढे काय होते?

आता एक उद्दिष्ट जवळून पाहू. 'मूल समवयस्कांशी बोलताना पाचपैकी चार वेळा नजरेला नजर देईल.' पहिल्या प्रश्नावरच ते डळमळते, कारण हे सहसा शाळेला किंवा तज्ज्ञालाच हवे असते. त्यामागचा हेतू विचारला तर उत्तर येते, 'ऐकत आहे हे समोरच्याला कळावे म्हणून.' मग तो हेतूच लिहावा: 'आपण ऐकत आहोत, किंवा ऐकायला थोडा वेळ हवा आहे, हे मूल त्याला सोयीच्या कोणत्याही रीतीने कळवील, आणि ते कसे कळवते हे वर्गातील दोन शिक्षक व तीन वर्गमित्रांना ओळखता येईल.' या वाक्यात मोजण्याजोगे काही तरी आहे आणि अर्धे काम मोठ्यांकडे गेले आहे. हेतू सापडलाच नाही, तर ते उद्दिष्ट सरळ काढून टाकावे. हे सुचवताना खोलीत थोडी शांतता पसरते, पण काढून टाकणे हाही एक निर्णयच आहे.

दुसरे उदाहरण असे: 'मूल "मला पाणी हवे" असे पूर्ण वाक्यात म्हणेपर्यंत पाणी दिले जाणार नाही.' यात चौथा प्रश्न निर्णायक ठरतो, कारण येथे संवादाच्या नावाखाली तहान वापरली जात आहे. नवे उद्दिष्ट असे लिहिता येईल: 'मूल बोलून, खुणेने, चित्राने किंवा यंत्रावरून, दिवसभरात किमान तीन वेगळ्या कारणांसाठी, म्हणजे मागणे, नाकारणे आणि काही दाखवणे यांसाठी संवाद साधेल, हजर असलेली मोठी माणसे प्रत्येक प्रयत्नाला प्रतिसाद देतील.'

तिसरे उदाहरण तोतरेपणाचे. 'दहा मिनिटे न अडखळता बोलेल' याऐवजी 'वर्गात जे म्हणायचे आहे ते अडखळत का होईना, पूर्ण म्हणेल. शिक्षक आणि वर्गमित्र त्याचे वाक्य पूर्ण करून देणार नाहीत' असे लिहिले, की मूल गप्प राहून 'यश' मिळवण्याची वाटच बंद होते.

या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे नुसती रंगसफेदी: 'नजर देईल' खोडून 'सोयीनुसार नजर देण्याचा अनुभव घेईल' असे लिहायचे. शब्द मवाळ झाले, मागणी तीच राहिली. दुसरी चूक याच्या उलट टोकाची. 'मुलाचे स्वत्व फुलेल' यासारखे उद्दिष्ट कोणीही मोजू शकत नाही, आणि सहा महिन्यांनी पालकांना दाखवायला हाती काहीच उरत नाही. तिसरी चूक सर्वांत उर्मट म्हणावी लागेल, आणि ती बहुधा नव्याने उत्साही झालेल्या तज्ज्ञांकडून होते: मुलाला स्वतःला हवे असलेले उद्दिष्टही 'सामान्यीकरण' म्हणून नाकारायचे. बारा वर्षांची मुलगी 'मला "र" नीट म्हणायचा आहे' असे म्हणत असेल, तर तिच्या 'र'वर काम करावे. निर्णय तिचा आहे, आणि स्वीकाराचा अर्थ तोच आहे.

तपासणी: नव्याने लिहिलेली वीसही उद्दिष्टे प्रशिक्षणात नसलेल्या एका ऑटिस्टिक प्रौढाला आणि एका पालकाला वाचायला द्या. 'हे मला कोणी करायला लावले असते तर?' या प्रश्नावर जे कागद अडकतील, ते पुन्हा टेबलावर आणा.

टप्पा ५: सत्रातला सराव

सरावाचाही एक क्रम आहे, आणि तो मोडला की पुढचे काही जमत नाही: थांबणे, विधान करणे, पुनरुक्ती ऐकणे, साधन वापरून दाखवणे, नकार मानणे.

थांबणे सर्वांत आधी. जोड्या करून सराव घ्या: एकाने काही म्हटल्यावर दुसऱ्याने उत्तर द्यायला वेळ लावायचा, आणि पहिल्याने मनातल्या मनात दहा आकडे मोजेपर्यंत पुन्हा विचारायचे नाही, हातवारे करायचे नाहीत, भुवयाही उंचवायच्या नाहीत. दहा सेकंद किती लांब असतात हे तेव्हा कळते. प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारला, की ज्या मुलाला विचार करायला वेळ लागतो त्याला सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून करावी लागते.

त्यानंतर विधाने. 'हे काय आहे? रंग कोणता? गाडी कुठे गेली?' हा भडिमार थांबवून 'गाडी पुलाखाली गेली' असे म्हणायचे आणि थांबायचे. स्वतःची चित्रफीत पाहून प्रत्येकाने आपले तीन प्रश्न विधानांत बदलून लिहावेत. यात गंमत अशी, की विधानांनंतर मुले पुष्कळदा जास्त बोलतात. पण बोलली नाहीत तरी चालेल, हे गृहीत धरूनच विधान करायचे असते. नाही तर तो वेष बदललेला प्रश्न होतो.

पुनरुक्ती ऐकण्याचा सराव चित्रफितीवरच होतो. समजा, एक मूल ठोकळे रचत आहे. दुसरे मूल जवळ सरकते, आणि पहिले मूल रेल्वेतल्या उद्घोषणेच्या सुरात म्हणते, 'कृपया दारापासून दूर उभे राहा.' खोलीत ना गाडी आहे, ना गाडीचे दार. तज्ज्ञ म्हणाले, 'असे नाही बोलायचे, "मला नको" म्हण,' तर मुलाने वेळेवर, नेमक्या प्रसंगी, सभ्य सुरात केलेला नकार वाया गेला. त्याऐवजी तज्ज्ञाने आधी दुसऱ्या मुलाला थोडे मागे घ्यावे, म्हणजे संदेश पोहोचल्याचे पहिल्याला दिसते. मग मुलाच्या बाजूने, त्याच सुरात, 'थोडं लांब बस' असे म्हणून सोडून द्यावे. पुन्हा म्हणवून घेऊ नये. चित्रफीत येथे थांबवा आणि सहभागींना विचारा: हे वाक्य त्याने कुठे ऐकले असेल, तेव्हा काय घडत असेल, आणि आज त्याला काय हवे होते? घरच्यांना विचारल्याशिवाय पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत, हेही सहभागींच्या ध्यानात येते.

साधन वापरून दाखवणे म्हणजे चित्रांचा तक्ता किंवा बोलणारे यंत्र तज्ज्ञाने स्वतः बोलता-बोलता वापरणे. याचा सर्वांत परिणामकारक सराव असा: चमूची एक अर्ध्या तासाची बैठक पूर्णपणे तक्त्यांवर घ्या. अपंगत्वाची नक्कल करण्याशी याची गल्लत करू नये; जे साधन आपण मुलाच्या हाती देतो ते आपल्याला वापरता येते का, एवढेच यात पाहायचे असते. पंधरा मिनिटांत कोणाला तरी 'मला ते म्हणायचे नव्हते' हे म्हणायचे असते आणि तक्त्यावर ते सापडत नाही. तक्त्यात फक्त खाऊ आणि खेळण्यांची चित्रे असतील, तर मुलाला मागण्यापलीकडे काही बोलताच येणार नाही. 'थांब', 'पुन्हा', 'दुखतंय', 'आवडलं नाही', 'तू चुकलास', 'मला वेगळं म्हणायचंय' हे शब्द पहिल्या दिवसापासून हवेत. मराठी तक्त्यात 'नको' आणि 'नाही' एकाच बटणावर कोंबू नका, आणि मुलीच्या यंत्राने 'मी जाते' म्हटले पाहिजे, 'मी जातो' नव्हे. इतर भाषांवरून उतरवलेल्या तक्त्यांत नेमके हेच राहून जाते.

सावधान: यंत्र बक्षीस म्हणून देऊ नये, शिक्षा म्हणून काढून घेऊ नये, आणि 'सत्र संपले' म्हणून कपाटात ठेवू नये. मुलाचा हात धरून बटण दाबवणे टाळावे. 'आधी चित्रे जुळवता आली पाहिजेत, मगच यंत्र' अशी पात्रतेची अटही घालू नये.

शेवटी नकार. मुलाने खेळ ढकलला की तो बाजूला ठेवायचा, 'नको, कळलं' असे म्हणायचे आणि दुसरे काही समोर ठेवायचे. औषध, रस्ता ओलांडणे यांसारख्या सुरक्षेच्या बाबतीत नकार मानता येत नाही. तेव्हा 'तुला नको आहे, ते मला कळलं, तरी हे करावं लागेल, कारण...' असे खरे सांगायचे. चमूने या अपवादांची यादी आधीच लिहून ठेवावी आणि ती लांबू देऊ नये.

टप्पा ६: मूल्यमापन आणि अहवाल

स्वीकार म्हणजे तपासण्या न करणे, हा गैरसमज धोकादायक आहे. बोलणे उशिरा येत असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी झाली पाहिजे. आलेले बोलणे हरवत असेल, तर बालमज्जाविकारतज्ज्ञाकडे लगेच पाठवावे. गिळताना ठसका लागणे, उच्चारांसाठीच्या हालचाली जुळवण्यातली अडचण, दातांचे किंवा कानाचे दुखणे या गोष्टी 'हा त्याचा स्वभाव' म्हणून सोडू नयेत.

प्रमाणित चाचणीचे गुण द्यायचेच असतील तर द्यावेत, पण त्याबरोबर किमान दोन वेगळ्या ठिकाणी, मुलाच्या आवडीच्या विषयाभोवती, ओळखीच्या माणसाबरोबर केलेले निरीक्षण जोडावे. चाचणीच्या खोलीत अनोळखी माणसासमोर न दिसलेली भाषा पुष्कळदा तेथे दिसते. घरात एकाहून अधिक भाषा बोलल्या जात असतील, तर 'एकच भाषा ठेवा' असा सल्ला देऊ नका. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांच्या भाषेचे नुकसान होते, असे संशोधनात दिसलेले नाही, आणि त्या सल्ल्याने मूल आजीआजोबांपासून मात्र तुटते.

अहवालात 'तीव्र', 'सौम्य', 'उच्च कार्यक्षम' या लेबलांऐवजी कोणत्या प्रसंगी, किती आणि कशाची मदत लागते ते लिहावे. त्याच वेळी भाषा इतकी गोड करू नये, की वाचणाऱ्याला मदतीची गरजच दिसणार नाही. परीक्षेतली सवलत, साहाय्यक किंवा यंत्र मिळवण्यासाठी लिहिलेल्या अहवालात अडचण स्पष्ट शब्दांत आली नाही, तर त्याचा फटका मुलालाच बसतो. 'गोंगाटाच्या वर्गात तोंडी सूचना समजत नाहीत. प्रत्येक सूचना लेखी लागते' हे वाक्य आदराचेही आहे आणि उपयोगाचेही.

टप्पा ७: पालक आणि शिक्षकांशी बोलणे

हा टप्पा प्रशिक्षणात बहुधा वगळला जातो, आणि मग पहिल्याच पालकभेटीत तज्ज्ञ जुन्या उद्दिष्टांकडे परततात. पालकांचे दोन प्रश्न सरावासाठी घ्या.

'यंत्र दिलं तर तो बोलायचाच थांबेल ना?' याला उत्तर आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली केलेल्या आढाव्यात, ज्या २७ व्यक्तींविषयी भक्कम पुरावा होता त्यांपैकी एकाचेही बोलणे पूरक-पर्यायी साधनांमुळे कमी झाले नाही. ८९ टक्क्यांचे वाढले, मात्र बहुतेकांचे थोडेच. तज्ज्ञाने दोन्ही अर्ध्या गोष्टी सांगाव्यात: 'यंत्रामुळे बोलणं थांबत नाही. यंत्रामुळे बोलणं येईलच असंही मी तुम्हाला सांगणार नाही. पण आज संध्याकाळी पोट दुखलं तर ते सांगायला त्याच्याकडे काहीतरी असेल.'

'मग त्याला असंच सोडून द्यायचं का?' या प्रश्नामागे भीती असते, विरोध नव्हे. येथे न्यूरोडायव्हर्सिटीवर व्याख्यान देऊ नये. फाइल उघडावी, जुने आणि नवे उद्दिष्ट शेजारी ठेवावे आणि टप्पा ४ मधील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनाच द्यायला सांगावे: कोणते साध्य झाले तर घरात फरक पडेल? पूर्वीच्या उपचारांवरून पालकांना दोषी वाटेल असे काही बोलू नये. त्यांनी त्या वेळी तज्ज्ञांचेच ऐकले होते.

शिक्षकांना तत्त्वे सांगण्याऐवजी एका पानावर तीन गोष्टी द्याव्यात: हे मूल 'हो', 'नको' आणि 'थांबा' कसे सांगते, उत्तरासाठी किती थांबावे, आणि अस्वस्थ झाल्यावर काय करू नये.

टप्पा ८: देखरेख आणि फेरतपासणी

कार्यशाळेनंतर दर पंधरा दिवसांनी एक तास, सहा महिने, एवढे आधीच वेळापत्रकात टाकावे. प्रत्येक भेटीत एका तज्ज्ञाची दोन मिनिटांची चित्रफीत पाहायची. निवड त्या तज्ज्ञाचीच, आणि अडलेल्या जागेची. शाबासकीच्या चित्रफिती येथे नकोत. ऑटिस्टिक प्रशिक्षकांपैकी एक जण या भेटींनाही असावा, त्याचे मानधन धरूनच.

तीन आणि सहा महिन्यांनी टप्पा १ तसाच पुन्हा करा: चिठ्ठ्यांनी काढलेली वीस उद्दिष्टे, दहा मिनिटांची चित्रीकरणे, पाच रकाने. समाधानाचे अर्ज भरून घेतले तरी त्यांवर विसंबू नका. ते वक्त्याविषयी सांगतात, मुलांविषयी नाही. चित्रफितींत थांबणे वाढलेले असेल पण उद्दिष्टांचे गठ्ठे तसेच असतील, तर चूक बहुधा कौशल्यात नसते. तेव्हा दुसरी कार्यशाळा ठरवण्याआधी केंद्राचा छापील नमुना तपासा. त्यात 'नजर', 'जागेवर बसणे', 'आज्ञापालन' असे रकाने असतील तर तज्ज्ञ ते भरणारच, कारण रिकामा रकाना वरिष्ठांना खटकतो. ते रकाने काढा, त्यांच्या जागी 'मूल नको कसे म्हणते', 'कोणत्या साधनाने बोलते' आणि 'समोरच्यांनी काय बदलायचे' हे तीन घाला, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला हा नमुना पहिल्या आठवड्यातच एका ज्येष्ठ सहकाऱ्याबरोबर भरायला द्या.